लुगड्याचा शेवटचा जन्म



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटानं घरातल्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या विकायला काढल्या. एक व्यापारी आला, त्यानं हात फिरवून बघितला, उजेडात धरून बघितलं, आणि एका मोठ्या गोधडीचे चारशे रुपये सांगितले. वर म्हणाला, "ताई, कापड तर जुनंच आहे, तुमचं काय गेलं यात?"

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. सहयोगिनी म्हणून हिशेबाची वही माझ्याच हातात होती, तरी नाही सुचलं. घरी आल्यावर मात्र हे "काय गेलं" डोक्यातून जाईना. म्हणून गोधडी आली कुठून, हे जरा शोधलं, जुन्या बायांना विचारलं. तेच आज सांगते.

पहिल्यांदा लुगड्याचं आयुष्य बघा. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी वर्षाला एखाद-दुसरं लुगडं मिळायचं. ते मधे विरलं की विरलेला भाग काढून टाकायचा आणि उरलेल्या मजबूत बाजू जोडून शिवायच्या. याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडं आणखी वर्षभर रेटायचं. मग त्याचा धडपा व्हायचा, पोरीचा परकर व्हायचा, बाळाचं दुपटं व्हायचं. डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळही त्यातलीच. उरलंसुरलं गोधडीत जायचं, आणि गोधडीही फाटली की तिचं पोतेरं चुलीपुढं सारवायला. माझी आजी म्हणायची, कापड मरत नाही, नुसतं घर बदलतं.

दुसऱ्या महायुद्धात तर याशिवाय इलाजच नव्हता. १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं, कापड मोजून मिळू लागलं. त्या वेळच्या बाया आता फारशा राहिल्या नाहीत, पण त्यांच्या लेकी अजून "रेशनचं कापड" हा शब्द वापरतात.

चिंध्या जोडून अंगावर घ्यायची रीत मात्र याहून फार जुनी आहे. बुद्धाचे भिक्खू सुरुवातीला टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून चीवर करायचे. विनयपिटकात एक गोष्ट आहे. मगधातली शेतं आणि त्यांचे आडवे-उभे बांध बघून बुद्ध आनंदाला म्हणाले, असं चीवर करता येईल का? आनंदानं तसे तुकडे जोडून दाखवले. म्हणजे भिक्खूंच्या अंगावरची वाफे-वाफे असलेली शिवण शेताच्या बांधावरून आली. आपल्यातल्या कुणी टेकडीवर उभं राहून खालचं शिवार बघितलं असेल, तर गोधडी आठवली असेलच. आणि आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा तर चिंध्याच पांघरायचे. लोक त्यांना चिंधेबुवा, गोधडे महाराज अशाच नावानं ओळखायचे. पण एक सांगू का? साधूनं चिंधी पांघरली तर वैराग्य, आणि बाईनं चिंधी जोडली तर "तुमचं काय गेलं यात". हे मला पटत नाही.

आता गोव्याकडं वळू. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून गोव्यात आणली. त्यांतली काही निसटून घाटातल्या जंगलात शिरली. त्यांचे वंशज सिद्दी लोक आज कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात राहतात. त्यांच्या बाया जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. तिची शिवण बघण्यासारखी आहे. एका कोपऱ्यातून सुरुवात, कडेकडेनं फिरत, तुकडे लावत लावत, घरात शिरल्यासारखं आत आत मधोमध जायचं. शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी लावतात, तिला म्हणतात फूल. फुलं नसली तर कवंदी उघडी दिसते, असं त्या सांगतात. पांघरायला फुलाचा काही उपयोग नाही, थंडी त्यानं तसूभरही कमी होत नाही. तरी लावायचं. सगळं हिरावून घेतलेल्या माणसांच्या लेकी-सुनांनी हा हट्ट धरून ठेवला.

बंगालात हीच वस्तू म्हणजे कांथा. तिथल्या बाया जुन्या साडीच्या काठातला रंगीत दोरा उसवून काढायच्या आणि त्याच दोऱ्यानं कमळं, हत्ती, पालख्या भरायच्या. दोऱ्याचाही खर्च नाही. गुरुसदय दत्त नावाचे एक सरकारी अधिकारी गावोगाव फिरून अशा कांथा गोळा करायचे. त्यांचा संग्रह कोलकात्याजवळ जोका इथं आहे. त्यात एकोणिसाव्या शतकातली एक कांथा फार प्रसिद्ध आहे. खुलन्याकडच्या मानदासुंदरी नावाच्या बाईनं ती वडिलांसाठी शिवली, आणि शिवताना सुईनंच आपलं नाव त्यावर घातलं. म्हणून आज आपल्याला ते नाव ठाऊक आहे.

आपल्याकडची गोधडी मागे का पडली, त्यालाही कारणं आहेत. एक म्हणजे बोहारीण. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लागायची. स्टील आलं आणि प्रत्येकीला ते हवंसं झालं. जुने कपडे द्या, डबा घ्या. ट्रंकेतली लुगडी दारातूनच गेली. त्यात चूक काही नव्हती, मलाही डबाच आवडला असता. दुसरं म्हणजे नायलॉन आणि टेरिलीनची पातळं. ती फाटत नाहीत, विरत नाहीत, मऊ होत नाहीत, घाम शोषत नाहीत. सुई त्यातून सटकते. वर ठिणगी पडली तर ते कापड वितळून अंगाला चिकटतं. म्हणून बाळाच्या दुपट्याला असं कापड कधीही घेऊ नका. ओळखायचं कसं? कडेचा एक दोरा काढून काडीनं पेटवा. सुती असेल तर कागदासारखी राख होते. नायलॉनची कडक गुठळी होते.

सुती मिळालं तर करायचं असं. गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. सगळ्यात चांगलं लुगडं खाली आणि वर, फाटकी मधे, भोकावर भोक येऊ न देता. चार कोपऱ्यांना दगड ठेवून सुरकुत्या काढा, मोठे टाके घालून पक्कं करा, मग धावदोरा. दोन ओळींत बोटाएवढं अंतर पुरे. घाई केली की कापड गोळा होतं आणि मधे फुगा येतो. आमची पहिली गोधडी तशीच झाली. ती आता माझ्याकडं मांजराला आहे.

आता हिशेब. त्या चारशेवाल्या गोधडीला दोघी जणी रोज दुपारी तीन तास, असे नऊ दिवस बसल्या होत्या. चोपन्न तास. तासाला साडेसात रुपयेसुद्धा नाहीत, आणि दोरा वेगळाच. हे तास आजवर कुणी लिहिले नाहीत, कारण गोधडी सुगी झाल्यावर, रिकाम्या वेळात व्हायची. रिकामा वेळ म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी आता वहीत गोधडीचं वेगळं पान केलंय. कोण बसली, किती वेळ, दोरा किती.

मानदासुंदरीची गोष्ट मी बैठकीत सांगितली, तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्क आजी काही बोलल्या नाहीत. त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्यांची गोधडी आणली. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं त्यांचं नाव होतं, एक अक्षर उलटं. मी म्हटलं, आजी, उसवून नीट करू का? तर म्हणाल्या, "हात लावू नको, पूर्ण दुपार गेलीय त्यात."

वहीत त्यांच्या नावापुढं ती दुपार लिहिली आहे, तीन तास. किमतीची जागा अजून रिकामी आहे, पुढच्या बैठकीत ठरवायची आहे.