कुलूपबंद खोलीचा हर्रास

वऱ्हाडात लिलावाला आजही 'हर्रास' म्हणतात. मराठीतला 'लिलाव' आणि उर्दू-हिंदीतला 'नीलाम' हे दोन्ही शब्द मूळचे पोर्तुगीज. हर्रास मात्र आमच्याकडे हैदराबादच्या उर्दूतून उतरला. तिथे त्याला 'हर्राज' म्हणतात. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, पण बाजारातला त्याचा शब्द मागे राहिला.

असा एक हर्रास सहा वर्षांपूर्वी आमच्या नांदगाव खंडेश्वरात झाला. दवंडी नाही, नोटीस नाही, त्यामुळे खरे तर त्याला हर्रास म्हणणेही चूक. बाजारपेठेत एका आडत्याची खोली होती. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि कापसाच्या खाजगी आडतीचा धंदा बसला. आडत्याने माल आत कोंबला, कुलूप लावले आणि गाव सोडले. जुने भाडे इतके थोडे होते की खोली रिकामी करण्यापेक्षा मनीऑर्डर पाठवणे स्वस्त पडे. पुढे मनीऑर्डरही थांबल्या. घरमालकाच्या नातवाला तिथे मोबाइलचे दुकान टाकायचे होते. त्याने कुलूप तोडले आणि आतला माल एका भंगारवाल्या चाचांना ठोक विकला. चाचांनी तो न मोजता, दारातून बॅटरी मारून घेतला. या धंद्यात असेच चालते: आत काय निघेल ते नशीब, आणि खोली झाडून देण्याची मजुरी घेणाऱ्याची.

आत निघाले ते सगळे त्या काळचे. काटे, साखळ्या, टिनाचे डबे, कुजलेली पोती, सागवानी गल्ला, आणि शेर-अधशेराची लोखंडी वजने. १९५८ पासून देशात मेट्रिक मापे येऊ लागली आणि ही वजने बाद झाली. आता ती किलोच्या भावाने गेली. गल्ला अमरावतीच्या एका जुन्या फर्निचरवाल्याने नेला. खोलीचे पैसे त्या एका गल्ल्यातच वसूल झाले, असे चाचांनीच आम्हाला हसत सांगितले. एक पत्र्याची पेटी तेवढी राहिली.

"सर, लोखंड इकून टाकलं. हे कागद तुमाले पाह्यजेत त न्या, नाहीत त उद्या गाडीत भरून जातील."

आम्ही तिघे उर्दू शाळेचे शिक्षक. रद्दीच्या भावाने पेटी घेतली. उर्दू कागद असतील ही आशा होती. निघाल्या वह्या, बऱ्याचशा मोडीत, आणि तळाशी सुतळीने बांधलेली चौदा खरेदीखते. ती आडत्याची नव्हती. हंगामाच्या उचलीपोटी शेतकऱ्यांनी त्याच्याकडे ठेवलेली होती. म्हणजे खोलीत भाडेकरूचा माल होता आणि त्या मालात दुसऱ्यांची अमानत.

असा माल विकण्याचा हक्क कोणाला, हे पाहायला आम्ही कायद्याची पुस्तके उघडली. १८७२ चा करार कायदा या बाबतीत बराच न्यायी वाटतो. गहाण घेणाऱ्याने वस्तू विकायची तर आधी वाजवी नोटीस द्यावी, आणि कर्जापेक्षा जास्त आलेली रक्कम मालकाला परत करावी, असे त्याचे कलम १७६ सांगते. सापडलेली वस्तू विकायलाही अटी आहेत: मालक शोधूनही सापडला नाही किंवा खर्च देईना, आणि वस्तू नासू लागली किंवा तिच्यावरचा खर्च किमतीच्या दोन तृतीयांश झाला, तरच. गोदीत उतरलेला माल तीस दिवसांत सोडवला नाही तर सीमाशुल्क कायदा विक्रीला मुभा देतो, पण नोटीस तिथेही आहे. फिकहमध्ये 'लुक्ता'चे, म्हणजे सापडलेल्या मालाचे, वेगळे प्रकरण आहे. त्यात वस्तूची खूण ओळखून ठेवायची आणि वर्षभर पुकारा करायचा, असा हुकूम आहे. चौकटी वेगळ्या, पण विकण्याआधी हाक मारली पाहिजे यावर सगळे एक आहेत. भाडे थकले म्हणून घरमालकाने स्वतःच कुलूप तोडून माल विकावा, असा हक्क यात कुठेच नाही. भाड्यासाठी कोर्ट आहे.

हाक न मारता विकणाऱ्यांत मात्र नातू पहिला नव्हता. वर्धा नदीपलीकडे नागपूरला तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. डलहौसीने राज्य खालसा केले. राज्य गेले ते गेले, वाड्यातली चीजवस्तूही गेली. हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीवर कवडीमोलाने विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात रवाना झाले. बाकाबाई आणि इतर राण्या जिवंत होत्या, वाड्यातच होत्या आणि हरकत घेत होत्या. म्हणजे मालक समोर उभा असताना माल बेवारस ठरला! विक्रीचा पैसा घराण्यासाठीच राखून ठेवल्याचे कंपनीने सांगितले, पण ज्यांचा माल त्यांची संमती कोणी विचारली नाही. सीताबर्डीवर बैल घेणाऱ्याला या वादाशी काय देणे-घेणे असणार? त्याला बैल स्वस्त पडला.

दुसरा प्रसंग आमच्या घरांच्या जवळचा आहे, म्हणून त्यावर लिहिताना हात जरा अडखळतो. फाळणीनंतर निर्वासित मालमत्तेचे कायदे झाले. १९५० च्या केंद्रीय कायद्याने १ मार्च १९४७ नंतर फाळणीच्या कारणाने देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता कस्टोडियनच्या ताब्यात दिली. त्यात घरे-जमिनी होत्या तशा जंगम वस्तूही होत्या. तिकडून लुटून आलेल्या सिंधी-पंजाबी कुटुंबांना इकडे आसरा द्यायचा होता. ही गरज खरी होती, तिला नावे ठेवणे बरोबर नाही. पण या कायद्यांत एक शब्द होता, 'जाण्याच्या बेतात असलेला'. माणूस इथेच आहे, पण तो जाणार असा संशय. एका भावाने कराची धरली की मागे राहिलेल्या भावाला आपला हिस्सा आपलाच आहे हे सिद्ध करावे लागे, आणि ते करायचे कशाने? कागदाने. ७ मे १९५४ नंतर नव्याने कोणतीही मालमत्ता निर्वासित ठरवायची नाही, अशी दुरुस्ती झाली, तेव्हा अनेक खानदानांनी श्वास सोडला असेल. मूळ कायदा रद्द झाला तो २००५ मध्ये. आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग कागदाची पिशवी उशाखाली का ठेवत, हे आम्हाला हा कायदा वाचल्यावर कळले. लहानपणी आम्ही त्यांना हसत होतो.

आता त्या चौदा खतांकडे. एक खत १९४१ चे होते, घेणाऱ्याच्या नावापुढे 'पिंजारी मुसलमान' असे लिहिलेले. आमच्या तिघांपैकी एकाने ते वाचून खालीच बसकण मारली. त्याच्या आईच्या गावचे खत होते आणि नाव त्याच्या मामाच्या आजोबांचे. पिंजारी जात महाराष्ट्रात इतर मागासवर्गात आहे, पण दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्याच्या मामेबहिणीचा दाखला याच एका कागदावाचून अडला होता. पूर्वज निरक्षर, शाळेत नाव नाही, आणि घरातले खत 'कुठेतरी ठेवले' एवढीच आठवण. ते 'कुठेतरी' आडत्याच्या पेटीत होते.

पेटीतून निघालेला कागद एकटा पुरत नाही, हे खरे. पण नोंदलेल्या खताच्या पाठीवर दस्त क्रमांक, पुस्तक एक, खंड आणि पान असते. नांदगाव पूर्वी चांदूर तालुक्यात होते. त्या क्रमांकावरून जुन्या नोंदीत शोध घेतला आणि सही-शिक्क्याची नक्कल मिळाली. नंबर ठाऊक नसता तर इंडेक्सची किती वर्षे चाळत बसावे लागले असते! मुलीचा दाखला पुढच्या पावसाळ्यात हातात आला. हे कळल्यावर चाचा म्हणाले, "मंग त ते पेटी मी लय सस्तीत देल्ली," आणि चहाचे पैसे आम्हाला द्यायला लावले.

उरलेल्या तेरा खतांचे काय करावे, यावर आमच्यात मतभेद झाले. एकजण म्हणाला, आडत्याच्या वारसांना कळवू. कळवलेही. पुण्याहून फोनवर उत्तर आले की जुन्या कटकटी उकरू नका. मग आम्ही लुक्त्याची वाट धरली. नावांची आणि गावांची यादी केली. जुम्म्याच्या नमाजनंतर ती मशिदीबाहेर वाचली, तीच देवनागरीत लिहून आठवडी बाजारात चावडीजवळ चिकटवली, कारण तेरांतली सात नावे हिंदू शेतकऱ्यांची होती. असे वर्षभर केले. आठ खते घरी गेली. एका म्हाताऱ्या बाईंनी खत घेतले, उलटेसुलटे पाहिले आणि विचारले, "याच्यावरचं कर्ज फिटलं व्हतं का?" वह्यांत शोधले. १९६९ मध्ये फिटले होते.

पाच खते अजून आमच्याकडे आहेत. वर्ष संपून बराच काळ झाला, यादी मात्र दर उन्हाळ्यात पुन्हा लावतो.