प्रतिजैविके आणि इतर औषधे: आंतरक्रियांचा इतिहास

एका औषधामुळे दुसऱ्या औषधाचा परिणाम वाढतो, घटतो किंवा बदलतो, तेव्हा त्याला औषधांची आंतरक्रिया म्हणतात. प्रतिजैविकांच्या बाबतीत हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. ही औषधे बहुतेकदा थोड्या दिवसांसाठी दिली जातात आणि ज्याला दिली जातात त्याची अनेकदा रक्तदाबाची, मधुमेहाची, हृदयाची किंवा अपस्माराची औषधे आधीपासून चालू असतात. पाच-सात दिवसांचे हे औषध वर्षानुवर्षे बसलेली घडी विस्कटू शकते. हे ज्ञान मुख्यतः गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जमा झाले. त्यातले बरेचसे आधी रुग्णाच्या खाटेपाशी लक्षात आले आणि त्यामागचे कारण प्रयोगशाळेला नंतर सापडले.

सुरुवातीची एक आंतरक्रिया उपयोगाची होती. पेनिसिलिन मूत्रपिंडातून झपाट्याने बाहेर पडते. 1940 च्या दशकात ते इतके दुर्मीळ होते की रुग्णाच्या लघवीतून काढून पुन्हा वापरले जाई. ते शरीरात अधिक वेळ टिकावे म्हणून प्रोबेनेसिड हे औषध शोधण्यात आले. ते मूत्रपिंडातील पेनिसिलिनची वाट अडवते. पेनिसिलिन मुबलक झाल्यावर ही गरज उरली नाही. भारतात पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना 1954 मध्ये झाली आणि पुढे देशी पेनिसिलिन मिळू लागले. प्रोबेनेसिड पुढे गाउट या सांध्यांच्या आजाराचे औषध म्हणून राहिले.

हानिकारक आंतरक्रियेचे आरंभीचे ठळक उदाहरण टेट्रासायक्लिन गटातले आहे. या गटातले पहिले औषध, ऑरिओमायसिन, 1948 मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेतून बाहेर आले. तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख तेव्हा आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. या औषधाने मळमळ होई, म्हणून डॉक्टर त्याबरोबर ॲल्युमिनियमयुक्त ॲसिडिटीचे औषध देत. 1950 मध्ये असे दिसून आले की या जोडीमुळे रक्तातले ऑरिओमायसिनचे प्रमाणच घटते. ॲल्युमिनियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे धातू टेट्रासायक्लिनला घट्ट चिकटतात आणि तयार झालेले संयुग आतड्यातून रक्तात शिरत नाही. दूध वर्ज्य करण्याचा सल्ला याच कारणाने दिला जातो. 1970 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी लोहाच्या गोळ्यांचाही तसाच परिणाम दाखवला. 1980 च्या दशकात आलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनलाही हाच नियम लागू पडला. इथे विषबाधा होत नाही, उपचार मात्र निकामी ठरतो, आणि संसर्ग बळावेपर्यंत ते कळत नाही.

दुसरा मोठा टप्पा क्षयरोगाच्या औषधांनी गाठला. 1952 मध्ये आयसोनियाझिड वापरात आले. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या काही क्षयरुग्णांना गुंगी येते, त्यांचे डोळे थरथरतात आणि चालताना तोल जातो. फेनिटॉइनचा डोस नेहमीचाच होता. आयसोनियाझिड त्याचे विघटन रोखत होते, त्यामुळे ते रक्तात साचत गेले. हा त्रास सर्वांना होत नव्हता. ज्यांच्या यकृतात आयसोनियाझिडवर हळू प्रक्रिया होते, त्यांनाच तो प्रामुख्याने झाला. हा वेग आनुवंशिक असतो. त्यामुळे दोन औषधांच्या भेटीत रुग्णाची शरीरप्रकृती हा तिसरा घटक असतो, हे या काळात स्पष्ट झाले.

रिफाम्पिसिनने याच्या उलट गोष्ट घडवली. 1957 मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पाइनच्या जंगलातली माती मिलानच्या लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासली गेली. तिच्यातील सूक्ष्मजीवापासून रिफामायसिन मिळाले आणि त्यात बदल करून 1965 मध्ये रिफाम्पिसिन तयार झाले. क्षयावर ते अत्यंत प्रभावी ठरले. मात्र 1971 मध्ये जर्मनीतून एक अनपेक्षित निरीक्षण आले. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या क्षयरुग्ण स्त्रियांना रिफाम्पिसिन सुरू झाल्यावर दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत रक्तस्राव होऊ लागला. पाठोपाठ, गोळ्या नियमित घेऊनही काही जणींना गर्भ राहिल्याचे उघड झाले.

औषधांचे विघटन करणारी यकृतातील विकरे, म्हणजे एन्झाइम, रिफाम्पिसिन वाढवते. परिणामी गोळीतील संप्रेरके नेहमीपेक्षा लवकर नष्ट होतात. या विकरांच्या कुळाला सायटोक्रोम पी-450 म्हणतात. हे नाव जपानी शास्त्रज्ञ ओमुरा आणि सातो यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी दिले. रिफाम्पिसिनचा संदेश स्वीकारून विकरनिर्मिती वाढवणारा पेशीतील ग्राही (रिसेप्टर) 1998 मध्ये ओळखला गेला. निरीक्षण आणि स्पष्टीकरण यांत सत्तावीस वर्षांचे अंतर पडले. दरम्यान रक्त गोठू न देणारे वॉरफरिन, स्टिरॉइड, प्रत्यारोपणानंतरची औषधे अशा अनेकांचा परिणाम रिफाम्पिसिनमुळे घटतो, हे सिद्ध झाले. ते बंद केल्यानंतरचा काळही धोक्याचा असतो. विकरे काही आठवड्यांत पूर्ववत होतात आणि वाढवून ठेवलेला वॉरफरिनचा डोस तसाच राहिला, तर रक्तस्राव होऊ शकतो.

भारतात रिफाम्पिसिनच्या या आंतरक्रियेला मोठे महत्त्व आले. 1 एप्रिल 2004 रोजी सरकारने एचआयव्हीवरील मोफत औषधोपचार सुरू केले. आरंभीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. अनेक रुग्णांना क्षयही असे आणि रिफाम्पिसिनमुळे नेव्हिरापिन या एचआयव्हीवरील औषधाचे रक्तातील प्रमाण कमी होई, म्हणून त्यांना त्याऐवजी एफाव्हिरेन्झ दिले जाई. आज एचआयव्हीवर डोल्युटेग्राव्हिर वापरात आहे. रिफाम्पिसिन चालू असताना ते दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावे लागते.

गर्भनिरोधक गोळ्यांच्या प्रकरणाने एक गैरसमजही पसरवला. 1975 मध्ये ॲम्पिसिलिन घेताना गर्भ राहिल्याच्या मोजक्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आणि सर्वच प्रतिजैविके गोळी निकामी करतात असे मानले जाऊ लागले. पुढील अभ्यासांत याला आधार मिळाला नाही. 2011 मध्ये ब्रिटनमधील तज्ज्ञ संस्थेने रिफाम्पिसिन आणि त्याच गटातले रिफाब्युटिन वगळता, प्रतिजैविके घेताना गर्भनिरोधनाची जादा खबरदारी घेण्याचा सल्ला काढून टाकला. उलट्या-जुलाब होत असतील, तर मात्र गोळी शोषली न जाण्याचा धोका राहतोच.

आंतरक्रियेने एखादे औषधच बाजारातून उठवले, याचे गाजलेले उदाहरण टर्फेनाडिनचे आहे. सर्दी-ॲलर्जीवरची ही गोळी झोप आणत नसे, म्हणून 1985 पासून अमेरिकेत ती लोकप्रिय झाली. 1990 मध्ये एका 39 वर्षांच्या महिलेची नोंद प्रसिद्ध झाली. बुरशीवरील केटोकोनाझोल या औषधासोबत टर्फेनाडिन घेतल्यावर तिच्या हृदयाचे ठोके घातकरीत्या अनियमित झाले होते. एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचाही तोच परिणाम दिसला. दोन्ही औषधे टर्फेनाडिनचे विघटन करणारे विकर रोखतात आणि साचलेले टर्फेनाडिन हृदयाच्या विद्युतप्रवाहात अडथळा आणते. 1992 मध्ये अमेरिकेत त्यावर ठळक इशारा छापणे आवश्यक झाले. शरीरात त्यापासूनच बनणारे निर्धोक फेक्सोफेनाडिन 1996 मध्ये मंजूर झाले आणि नंतर मूळ औषध मागे घेण्यात आले. भारतात टर्फेनाडिनवर 2003 मध्ये बंदी आली.

आंतरक्रियांत आतड्यातील जीवाणूंचाही वाटा असतो. काही लोकांच्या आतड्यांतील जीवाणू हृदयविकारावरील डिगॉक्सिनचा काही भाग निष्प्रभ करतात. प्रतिजैविकाने ते जीवाणू मेले की तोच डोस जास्त ठरतो, असे 1981 मध्ये अमेरिकेत दाखवले गेले. 2003 मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या वृद्धांच्या मोठ्या अभ्यासाने प्रत्यक्ष हानी मोजली. डिगॉक्सिनच्या विषबाधेने इस्पितळात दाखल झालेल्यांनी आदल्या आठवड्यात क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेतलेले असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे 12 पट होती. मधुमेहाचे ग्लायब्युराइड घेणारे जे रुग्ण रक्तातील साखर उतरून दाखल झाले, त्यांनी को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक घेतलेले असण्याची शक्यता 6 पटींहून अधिक होती.

हे विखुरलेले ज्ञान ग्रंथांतून एकत्र आले. अमेरिकेत फिलिप हॅन्स्टेन यांचा संदर्भग्रंथ 1971 मध्ये आणि ब्रिटनमध्ये आयव्हन स्टॉकली यांचा 1981 मध्ये निघाला. पुढे त्यांची जागा बऱ्याच अंशी संगणकीय सूचनाप्रणालींनी घेतली. भारतात 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या, औषधविक्रीच्या नियमांतील अनुसूची एच-1 ने अनेक प्रतिजैविके आणि क्षयाची औषधे विकताना डॉक्टर, रुग्ण आणि औषध यांची नोंद करून ती तीन वर्षे जपणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक केले. या नियमाचा मुख्य हेतू प्रतिजैविकांचा गैरवापर रोखणे हा आहे. रुग्णाची बाकीची औषधे त्या नोंदवहीत येत नाहीत. म्हणून प्रतिजैविक लिहून घेताना चालू असलेल्या सर्व गोळ्या, लोह-कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या औषधांसह, डॉक्टरांना दाखवणे हाच आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे.