उसातला बिबट्या आणि माणूस : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

माणूस आणि वाघ यांच्या संघर्षाची चर्चा निघाली की आपल्याला ताडोबाचे जंगल आठवते. अहिल्यानगर जिल्ह्यात मात्र हा संघर्ष बिबट्याशी आहे आणि तो उसात घडतो. भंडारदऱ्याचे पाणी आणि प्रवरेकाठची साखर कारखानदारी यांनी अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी भागात वर्षभर उभे असणारे दाट पीक आणले. बिबट्याला तिथे आडोसा आणि पाणी मिळाले. वस्तीवरची कुत्री-शेळ्या हे खाद्यही मिळाले.

या क्षेत्रात येणाऱ्याने विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचे दोन अभ्यास आधी वाचावेत. पहिला शेजारच्या जुन्नर भागाचा. तिथे २००१पासून बिबटे पकडून दूर सोडण्याची मोठी मोहीम चालली. त्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ते १७वर गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अकोल्याच्या अभ्यासात कॅमेरा ट्रॅपमधून दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. तेवढ्याच जागेत तीस हजारांवर माणसे राहतात. बिबट्या वाट चुकून शिवारात येतो, ही समजूत त्यानंतर टिकत नाही. तो इथलाच रहिवासी आहे.

हे मान्य केले की खरे प्रश्न समोर येतात. शेतीची वीज रात्री येत असल्याने शेतकऱ्याला अंधारात पाण्याची दारे धरावी लागतात. ऊसतोड कामगारांची मुले उघड्यावरच्या कोप्यांत झोपतात. गोठा बंदिस्त नसतो. शेळी गेल्यावर पंचनामा आणि भरपाई लांबली की राग वनरक्षकावर निघतो. तोडणीत सापडलेली पिल्ले त्याच जागी ठेवून गर्दी हटवली, तर मादी बहुधा रात्री त्यांना घेऊन जाते. पण ती गर्दी हटवणे हेच अवघड काम असते.

म्हणूनच प्राणिशास्त्राइतकेच पशुवैद्यक, समाजशास्त्र, शेती आणि वीज यांचे जाणकार इथे हवे आहेत. त्या सर्वांचे मनापासून स्वागत. लेकरू गमावलेल्या घराला आकडे ऐकवू नका, आधी त्यांचे ऐकून घ्या. दिवसा वीज मिळालेल्या गावांत हल्ले घटतात का, कोणता गोठा गरीब कुटुंबाला परवडतो, हे गावाला सोबत घेऊन तपासा आणि निष्कर्ष ग्रामसभेत मराठीतून मांडा.