शिक्क्यापुरतं गाव

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या हजारो वस्त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-तीस वर्षांत हळूहळू नकाशावरून पुसल्या गेल्या. त्या बुडाल्या नाहीत, साथीत ओस पडल्या नाहीत. त्यांचं पोस्ट बंद झालं, एवढंच. आपल्याला हे चटकन पटत नाही. गाव नाहीसं होणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुळशी येते, कोयना येते. पाणी चढतं आणि माणसं बोचकी उचलून निघतात. तिकडे माणसं जिथल्या तिथे होती. शेतं होती, घरं होती, जनावरं होती. मग गेलं ते नेमकं काय? मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे असा प्रश्न समोर आला की मला तो सोडवत नाही.

याचं उत्तर आधी जमिनीच्या व्यवस्थेत शोधावं लागतं. आपल्याकडे गावठाण असतं. घरं एकाला एक लागून, शिवार बाहेर. पोस्ट येवो न येवो, गावाला सातबारा आहे, तलाठी आहे, ग्रामदैवत आहे. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने वसाहतकऱ्याला १६० एकर जमीन मिळे, पण अट अशी की पाच वर्षं त्याच जमिनीवर राहून ती कसायची. म्हणजे घर स्वतःच्या शेतातच. शेजारी अर्ध्या मैलावर. अशा विखुरलेल्या घरांना मिळून गाव म्हणायचं कशाच्या जोरावर? दोन रस्ते मिळतात तिथे एक दुकान, एखादं चर्च, लोहाराचा भाता. नगरपालिका नाही, कायद्याने ठरलेली शीव नाही. या सगळ्याला एक नाव मिळे ते पोस्टामुळे.

त्यासाठी लोक वॉशिंग्टनला अर्ज करत. टपालखातं एक छापील तक्ता पाठवी. जवळची नदी कोणती, जवळची पोस्टं कोणती नि किती मैलांवर, किती लोकांची सोय होईल, आणि सोबत हाताने काढलेला नकाशा. एका राज्यात एकाच नावाची दोन पोस्टं चालत नसत, त्यामुळे सुचवलेलं नाव पुष्कळदा नाकारलं जाई. टेनेसी राज्यात 'नेमलेस' नावाची एक वस्ती आहे. निनावी! तिथले लोक सांगतात की अर्जात नावाची जागा कोरी राहिली, आणि खात्याने तोच शेरा मारून कागद परत पाठवला. गोष्ट रचलेलीही असेल. पण नाव कोण देतो आणि कोणाच्या मान्यतेने ते खरं ठरतं, हे तिच्यातून बरोबर कळतं.

पोस्ट म्हणजे तरी काय, तर किराणा दुकानाच्या कोपऱ्यात खणाखणांचं एक लाकडी कपाट. दुकानदार तोच पोस्टमास्तर. सरकारी भाषेत हे 'चौथ्या वर्गाचं' पोस्ट. त्याची कमाई मुख्यतः त्याने किती रकमेच्या तिकिटांवर शिक्के मारले यावर ठरे. पैसा थोडा, पण पत्रासाठी आलेला माणूस मीठ, खिळे, कापड घेऊनच जाणार. आणि नेमणूक राजकीय. १८८५ मध्ये क्लीव्हलँड अध्यक्ष झाले, तेव्हा टपालखात्यातले त्यांचे अधिकारी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी विरोधी पक्षाच्या सुमारे ४० हजार पोस्टमास्तरांना घरी बसवलं. (आपल्याकडच्या बदल्यांच्या हंगामाची आठवण झाली असेल, तर ती तुमची तुम्ही ठेवा.)

आता मुख्य मुद्दा. शहरात १८६३ पासून पत्र घरपोच मिळत होतं. शेतकरी तेवढंच टपालहशील भरायचा आणि पत्रासाठी मैलोनमैल गाडी हाकायचा. त्याची तक्रार रास्त होती. फिलाडेल्फियाचे मोठे व्यापारी जॉन वॅनामेकर पोस्टमास्तर जनरल असताना त्यांनी खेड्यांत घरपोच टपालाचा आग्रह धरला. १ ऑक्टोबर १८९६ रोजी वेस्ट व्हर्जिनियात पहिला प्रयोग झाला, आणि १९०२ मध्ये ही सेवा कायम झाली. १९०१ मध्ये देशात ७६,९४५ पोस्टं होती. ही सर्वांत मोठी संख्या. त्यानंतर ती कधीच गाठली गेली नाही. १९१० पर्यंत ती ६० हजारांच्या खाली आली आणि १९२० मध्ये साडेबावन्न हजारांच्या आसपास.

घोडागाडीतून येणारा टपालवाला दारात तिकिटं विकायचा, मनीऑर्डर घ्यायचा, रजिस्टर करायचा. मग दुकानातलं कपाट कशाला? दुकानदारांनी विरोध केला, पण तो स्वार्थाचा म्हणून कुणी मनावर घेतला नाही. १ जानेवारी १९१३ पासून पार्सलंही याच वाटेने येऊ लागली आणि शिकागोच्या कंपन्यांचे जाडजूड कॅटलॉग घराघरांत पोचले. दुकानही बसलं. माझ्या मते याहून मोठी गोष्ट पत्त्यात घडली. पूर्वी पाकिटावर त्या वस्तीचं नाव असे. आता लिहू लागले 'ग्रामीण मार्ग क्रमांक २', आणि पुढे दूरच्या मोठ्या गावाचं नाव. रोज लिहिलं जाणारं नाव लिहिलं जाईना.

सुधारणा वाईट होती असं मी म्हणणार नाही. रोजचं वर्तमानपत्र शेतावर आलं. धड रस्ता असल्याशिवाय खातं टपालाचा मार्ग देत नसे, म्हणून रस्ते सुधारले. त्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं असतं, तर त्याने पुन्हा दुकानात जाऊन रांग लावायला नकार दिला असता. गाव कुणी काढून घेतलं नाही. एका सोयीच्या बदल्यात ते दिलं गेलं, आणि देणाऱ्यांना आपण काय देतोय हे ठाऊक नव्हतं.

या वस्त्या शोधायच्या कशा? तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोस्टमास्तरांच्या नेमणुकांच्या वह्या आहेत, १८३२ ते १९७१. पोस्ट बंद झालं की तारीख आणि 'यापुढचं टपाल अमुक ठिकाणी' अशी नोंद. ते अमुक ठिकाणही पुढे बंद होतं आणि टपाल तिसरीकडे जातं. अशी साखळी धरून जायचं. जागेचे ते तक्तेही बरेच शिल्लक आहेत. पण सावध राहावं लागतं. सरकार बदललं की पोस्टमास्तर बदले, आणि पोस्ट त्याच नावानिशी दोन मैलांवरच्या दुसऱ्या दुकानात जाई. नकाशावरचा ठिपका चालत असे! मग ज्या चर्चला, दफनभूमीला किंवा रस्त्याला ते नाव अजून चिकटलेलं आहे, तिथे जाऊन ताळा पाहावा लागतो.

एकच उदाहरण जरा थांबून बघू. कॅन्ससमधलं निकोडेमस. १८७७ मध्ये केंटकीहून आलेल्या कृष्णवर्णीयांनी ते वसवलं. पहिल्या हिवाळ्यात जमिनीत खड्डे खणून माणसं राहिली. त्याच वर्षी पोस्ट मिळालं, आणि सुरुवातीला ते झॅकरी व जेनी फ्लेचर या दांपत्याच्या हाती होतं. बारा वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांची खरेदी-विक्री होत होती, त्यांच्या गावाचा शिक्का आता संघराज्याच्या टपालावर उठत होता. १८८८ मध्ये रेल्वे नदीपलीकडून गेली, तेव्हा दुकानं तिकडे सरकली आणि तिथे बोग हे गाव उभं राहिलं. निकोडेमसचं पोस्ट मात्र रखडत १९५३ पर्यंत टिकलं. मग तेही बंद झालं.

दरवर्षी उन्हाळ्यात मूळ कुटुंबांचे वंशज दूरदूरच्या शहरांतून मेळाव्याला तिथे येतात. १९९६ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं. झिप क्रमांक, म्हणजे आपल्या पिनकोडसारखा क्रमांक, तिकडे १९६३ मध्ये सुरू झाला. तोवर निकोडेमसचं पोस्ट जाऊन दहा वर्षं झाली होती. त्यामुळे तिथल्या कार्यालयाच्या पत्त्यावर आजही क्रमांक बोगचा असतो, आणि त्याच्या आधी गावाचं नाव लिहिलेलं असतं, निकोडेमस.