‘ऑथेल्लो’, अंक ३, प्रवेश ३ : ‘सक्सेस’
इयागोच्या तोंडी येथे ‘सक्सेस’ आहे आणि त्याला चक्क ‘नीच’ हे विशेषण लावलेले आहे. त्याला म्हणायचा आहे तो विपरीत परिणाम. भाषांतरात ‘यश’ घातले तर वाक्याचा अनर्थ होतो. लॅटिन ‘सुक्केदेरे’ म्हणजे मागोमाग येणे. कृतीमागून जे येईल, बरे वा वाईट, ते ‘सक्सेस’. सोळाव्या शतकात इंग्रजीत रुळलेल्या या शब्दाला म्हणूनच चांगल्या-वाईटाचे विशेषण जोडावे लागे. पुढे चांगलेपणा शब्दातच मुरला आणि विशेषण गळून पडले. मागून येण्याचा मूळ अर्थ ‘सक्सेशन’मध्ये मात्र शाबूत आहे. मयताच्या बँकठेवी वारसांना मिळाव्यात म्हणून आपल्याकडे कोर्टातून काढतात, ते ‘सक्सेशन सर्टिफिकेट’ याच घराण्यातले. – संपा.