हातानं जुळवलेली इंजिनं का बसतात?

मागच्या व्याख्यानानंतर चर्चेत एक प्रश्न आला होता. गाडी इतकी महागाची, तीही हातानं बनवलेली, मग तिचं इंजिन जास्त टिकायला नको का? ब्रिटनमधल्या छोट्या कारखान्यांच्या वेगवान गाड्या मग इंजिनासाठी इतक्या बदनाम का झाल्या? त्या दिवशी आम्ही दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे झालो. ते अपुरं होतं. आज सगळा वेळ त्यालाच देऊ.

सुरुवात मात्र विमानाच्या इंजिनापासून करावी लागेल. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाची मागणी इतकी वाढली, की फोर्डच्या ब्रिटिश कंपनीलाही मँचेस्टरजवळ ते बनवायला सांगितलं गेलं. रोल्स-रॉइसचे इंजिनिअर स्टॅन्ली हूकर यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवलाय. फोर्डची माणसं म्हणाली, तुमच्या ड्रॉइंगवरून आम्हाला हे इंजिन बनवता येणार नाही. हूकरना वाटलं, आपली मापं फार काटेकोर, यांना झेपत नसणार. निघालं उलटंच. फोर्डची तक्रार होती की तुमचे टॉलरन्स फार सैल आहेत.

टॉलरन्स म्हणजे मापात चालवून घेतलेली सूट. रोल्स-रॉइसमध्ये ती सैल असून चालायची, कारण शेवटी कसबी फिटर उभा होता. भाग नीट बसला नाही तर तो कानस घेणार, घासणार, नाहीतर दुसरा भाग लावून बघणार. फोर्डच्या ओळीवर असा माणूस नव्हता. तिथे कुठलाही भाग कुठल्याही इंजिनात जसाच्या तसा बसला पाहिजे. त्यांनी ड्रॉइंग नव्यानं काढली, त्यात वर्षभर गेलं, आणि मग त्या कारखान्यातून 30,000 हून जास्त मर्लिन बाहेर पडली.

रोल्स-रॉइसची इंजिनं वाईट होती असं इथे मुळीच म्हणायचं नाहीये. आपल्याला हवा तो मुद्दा वेगळा आहे. हाताच्या जुळणीत इंजिनाची बरीचशी गुणवत्ता फिटरच्या बोटांत राहते, कागदावर उतरत नाही. आणि बोटांना काय कळतं? माप कळतं, खेळ किती आहे ते कळतं, फिरवल्यावर कुठे अडतंय ते कळतं. धातूच्या वरच्या पातळ थराचा कडकपणा कळत नाही. 7,000 फेऱ्यांवर ऑइलचा पापुद्रा टिकेल की फाटेल, हेही कळत नाही. आपल्याकडचा गॅरेजवाला टॅपेटचा आवाज ऐकून अचूक निदान करतो, पण आवाज यायला लागतो तेव्हा झीज होऊन गेलेली असते.

आता ब्लॅकपूलला जाऊ. टीव्हीआर ही तिथली छोटी कंपनी. फायबरग्लासची हलकी बॉडी, पुढे मोठं इंजिन, किंमत इटालियन गाड्यांपेक्षा बरीच कमी. 1981 साली पीटर व्हीलर यांनी ती विकत घेतली. पुढची अनेक वर्षं त्यांच्या गाड्यांत रोव्हरचं व्ही-8 इंजिन होतं, ज्याचं मूळ अमेरिकेतल्या ब्यूइकचं. 1994 मध्ये रोव्हर बीएमडब्ल्यूच्या हातात गेली. आपलं इंजिन उद्या दुसऱ्याच्या मर्जीवर राहणार, हे व्हीलरना नको होतं. अल मेलिंग या इंजिनिअरकडून आधी एक व्ही-8 तयार झालं, मग सरळ सहा सिलिंडरचं ‘स्पीड सिक्स’. 1999 पासून ते गाड्यांत बसू लागलं.

वर्षाला फार तर हजार-दोन हजार गाड्या बनवणाऱ्या कंपनीनं स्वतःचं इंजिन बनवायचं, ही छाती दडपवणारी गोष्ट आहे. चार लिटरच्या आवृत्तीत ते 350 हॉर्सपॉवरच्या पुढे जायचं. पण लवकरच वर्कशॉपमध्ये रांग लागली.

बिघाड मुख्यतः इंजिनाच्या डोक्यात होता. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये फिंगर फॉलोअर नावाची एक छोटी पट्टी असते. कॅम तिच्यावरून घासत जातो आणि ती व्हॉल्व्ह दाबते. हा संपर्क सरकता आहे, त्यामुळे पट्टीचा पृष्ठभाग खूप कडक हवा आणि वर ऑइल सतत हवं. सुरुवातीच्या इंजिनांत या पट्ट्या वेळेआधी झिजल्या. पट्टी झिजली की व्हॉल्व्हचं अंतर बदलतं, आणि निघालेला कडक चुरा ऑइलबरोबर इंजिनभर फिरतो. जोडीला व्हॉल्व्ह गाइडची झीज. गाइड सैल झाला की व्हॉल्व्ह डुलतो, जागेवर नीट बसत नाही, गाडी ऑइल खायला लागते. आपल्या भाषेत, इंजिनाचं काम निघतं.

त्यात गाडी वापरण्याची पद्धत. अशी गाडी रोज ऑफिसला जात नाही. आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये उभी, वरचं ऑइल सगळं खाली उतरलेलं. रविवारी मालक चावी फिरवतो, आणि ऑइल गरम व्हायच्या आत ॲक्सिलरेटर दाबतो. फॉलोअरला सगळ्यात वाईट हाच क्षण.

दोष मूळ आराखड्याचा की नंतर केलेल्या बदलांचा, यावर बरीच वादावादी झाली. आम्हाला त्या भांडणापेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. स्वतंत्र वर्कशॉपवाल्यांनी हीच इंजिनं उघडली, चांगल्या धातूचे फॉलोअर आणि नवे गाइड घातले, हातानंच परत जुळवली, आणि ती चालली. म्हणजे हात दोषी नव्हता. मोठी कंपनी नवं इंजिन विकण्याआधी शेकडो तास टेस्ट बेंचवर पळवते, गारठवून सुरू करते, फोडून बघते. छोट्या कंपनीकडे त्यासाठी ना पैसा, ना वेळ. मग ती चाचणी गिऱ्हाईक करतं, स्वतःच्या खर्चानं.

पैसा कमी असला तरी बिघाडातून शिकता येतं का? येतं. नॉर्थॅम्प्टनच्या कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन बघा. फोर्डनं त्यासाठी 1,00,000 पौंड दिले होते. 1967 साली झांडवूर्टच्या पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्क ते घेऊन जिंकले. पण त्याच शर्यतीत, सुरुवातीला आघाडीवर असलेल्या ग्रॅहम हिल यांची तशीच गाडी टायमिंग गिअरच्या बिघाडानं थांबली. कीथ डकवर्थ या गिअरच्या मागे काही वर्षं लागले होते. शेवटी लक्षात आलं, की दात कमकुवत नव्हते, गिअरच्या साखळीत येणारे हिसके हिशोबापेक्षा कितीतरी मोठे होते. त्यांनी एका गिअरच्या पोटात 12 बारीक पिळदार दांड्या घातल्या. हिसका आला की त्या किंचित पिळायच्या आणि दात वाचायचे. यात एक सोय होती: शर्यतीची इंजिनं ठरावीक तासांनी उघडली जातात, त्यामुळे तुटलेला प्रत्येक दात कॉसवर्थच्या टेबलावर यायचा. टीव्हीआरचा झिजलेला फॉलोअर वॉरंटीच्या बिलासकट यायचा.

2004 मध्ये व्हीलरनी कंपनी निकोलाय स्मोलेन्स्की या 24 वर्षांच्या रशियन तरुणाला विकली. 2006 साली ब्लॅकपूलचं उत्पादन थांबलं. पडझडीला फक्त इंजिन कारण नव्हतं, पण बदनामी आणि वॉरंटीचा खर्च यांचा वाटा मोठा होता. तिथल्या कामगारांची नोकरी गेली, आणि वर ‘हातानं जुळवलेलं म्हणजे असंच’ हा शिक्का त्यांच्याच माथी बसला.

आज जर्मनीत आफाल्टरबाखला एएमजीची इंजिनं एकेक माणूस एकट्यानं जुळवतो आणि वर त्याच्या सहीची पट्टी लागते. मात्र त्याच्या पुढ्यात येणारा प्रत्येक भाग मशीनवर मापून आलेला असतो, आणि तो कुठला बोल्ट किती आवळतो याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. कानस तिथे लागत नाही. ब्लॅकपूलच्या फिटरला असे भाग मिळाले असते, तर त्यानंही बिनधास्त सही केली असती.