चरख्याचें सूत व पायमोजा

आगाशीजवळचें नंदाखाल हें वसईच्या बागायती पट्ट्यांतील गांव. तेथील पवित्र आत्म्याचें देवालय सोळाव्या शतकांतलें. परंतु त्या किनाऱ्याचा परदेशांशीं संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. थोड्या अंतरावरील सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरून काढला. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत ‘सुप्पारा’ म्हणून ज्या बंदराचा उल्लेख येतो, तें हेंच. या पश्चिम किनाऱ्यावरून सुती कापड तांबड्या समुद्राकडे जात असे.

तें कापड तेथें ओळखावें कसें? इजिप्तमधील बेरेनिके बंदराच्या उत्खननांत ज्या सुती चिंध्या सांपडल्या, त्यांच्या पिळावरून संशोधकांनीं उत्तर काढलें. नाईलकांठचें सूत बहुधा एका दिशेस पिळलेलें असे, हिंदुस्थानांतील त्याच्या उलट. रंग विटतो, वीण उसवते, पण कांतणारीच्या बोटांनीं दिलेला पीळ दोन हजार वर्षें टिकतो!

त्याच इजिप्तमध्यें पायमोज्यांचे अत्यंत जुने नमुने मिळाले आहेत. तिसऱ्या ते पांचव्या शतकांतील लोंकरी मोजे एकाच सुईनें केलेले असून, चपलेचा पट्टा बसावा म्हणून त्यांत अंगठा वेगळा ठेवलेला आहे. खरे सुयांवर विणलेले, निळ्यापांढऱ्या सुताचे मोजे पुढें कित्येक शतकांनीं दिसतात. म्हणजे कापूस होता, नीळ होती, व्यापारही होता. तरी ही कला आपल्याकडे रुजली नाहीं. यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. उंबऱ्याबाहेर वहाणा काढणाऱ्या आणि चिखलाची भातशेती करणाऱ्या माणसास मोजा हवा कशाला? ‘मोजा’ हा शब्दही फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ मुळांत उंच जोडा असा होता. मागावरचें काम आणि सुयांवरचें काम या दोहोंस मराठीनें ‘विणणें’ हें एकच क्रियापद दिलें आहे, हेंही लक्षांत घेण्याजोगें आहे.

युरोपांत मात्र मोज्याचा मोठाच धंदा झाला. विल्यम ली या इंग्रजानें १५८९ सालीं मोजे विणण्याचें यंत्र काढलें. त्या वेळीं वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. १५३४ त आलेला तो अंमल १७३९ त चिमाजीअप्पांनीं संपविला.

चरख्याच्या पुनरुज्जीवनानंतर हा प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला. १९२४ च्या बेळगांव काँग्रेसमध्यें महात्मा गांधी अध्यक्ष असतां सभासदत्वासाठीं दरमहा दोन हजार वार सुताची अट ठरली. १९२५ त चरखा संघ स्थापन झाला. पण मागाला चालणारें एकेरी सूत सुयांवर तसेंच घेतल्यास फसगत होते. मागावर ताणा आणि बाणा एकमेकांस आवरून धरतात. सुयांवर प्रत्येक टांका मोकळा असतो, आणि पिळाचा जोर सारी वीण एका अंगास तिरपी ओढतो. शिवाय टांच लौकर झिजते. म्हणून दोन किंवा तीन धागे एकत्र घेऊन, कांतण्याच्या उलट दिशेस पुन्हा पिळावे लागतात. मग पहिल्या पिळाचा जोर दुसऱ्यानें शमतो, आणि चार सुयांवर घोट्यापासून खालीं विणीत येऊन, टांचेशीं वळण घेऊन, बोटांकडे टांके कमी करीत मोजा पुरा करतां येतो.